‘क्राउचिंग टायगर’ आणि कानाला खटकलेली मँडरीन

परवा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ पुन्हा पाहिला. दिग्दर्शक आंग ली यांचा हा चिनी तलवारबाजीचा सिनेमा, २००० सालचा. अमेरिकेत लोकांनी सबटायटल्स वाचत तो डोक्यावर घेतला. १२ कोटी डॉलर्सच्या वर कमाई, ऑस्करची १० नामांकनं, त्यांतले ४ पुरस्कार. चीनमध्ये मात्र प्रतिसाद थंडच.

तिथला मोठा आक्षेप उच्चारांवर होता. सिनेमा मँडरीनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत. त्यात ली मू बाय झालेले चाउ युन-फॅट हाँगकाँगचे, कँटोनीज ही तिथली वेगळी चिनी भाषा बोलणारे. शू लिएन झालेल्या मिशेल यो मलेशियाच्या. मँडरीन येत नसल्यामुळे यो यांनी संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ केले. छिंग काळातले (चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातले) हे तलवारबहाद्दर बोलू लागले की भात खाताना खडा लागावा तसं व्हायचं. ही तक्रार मला पूर्ण पटते. पेशवाईतला सरदार पडद्यावर आजच्या शहरी हेलात बोलला की आपलाही रसभंग होतो.

पण त्यावरून ‘हा सिनेमा गोऱ्यांसाठी बनवलाय’ म्हणायचं? हे मला अजिबात मान्य नाही. कथा वांग दुलू यांच्या चिनी कादंबरीची. मारामारी बसवली हाँगकाँगमध्ये मुरलेल्या युएन वू-पिंग यांनी. यातल्यासारखी बांबूच्या बनातली झुंज दिग्दर्शक किंग हू यांनी १९७१ मध्येच ‘अ टच ऑफ झेन’मध्ये दाखवली होती. यातलं परकं काय आहे?

सिनेमा संथ आहे, असंही म्हणतात. पहिली झटापट पंधराएक मिनिटांनी येते, खरंय. पण ती मन आवरून थांबलेली माणसं समजल्याशिवाय पुढच्या मारामारीला वजन येणार कुठून? शू लिएन आणि जेनची झुंज बघा. जेन ही बड्या घरची तरुण मुलगी; तिच्या हातात चोरलेली ग्रीन डेस्टिनी ही नामांकित तलवार. शू लिएन जोडतलवारी घेते, भाला घेते, टोकाला आकडा असलेल्या तलवारी घेते. एक अवजड शस्त्र तर तिला पेलतच नाही. शेवटी तुटकी तलवार जेनच्या गळ्याशी नेते आणि हात आवरते. जेन तेवढ्यात तिच्या दंडावर वार करते. या सिनेमाच्या चित्रीकरणात मिशेल यो यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता; शस्त्रक्रिया करून त्या परत आल्या.

आणि तो हाताचा प्रसंग. इतकी वर्षं मनातलं न बोललेला ली मू बाय शू लिएनचा हात घेऊन स्वतःच्या गालाला लावतो. मला दर वेळी भरून येतं.

इथे कुणाला मँडरीन येत असेल तर जरूर सांगा: तुम्हालाही हे उच्चार खटकतात का हो?