घरपट्टी अडवून काय उजेड पडणार?

नाशकात इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. सार असं: अमेरिकेत घरपट्टीतूनच ज्या त्या कॉलनीचे दिवे आणि बागा होतात, आपण जास्त भरूनही अंधारात, म्हणून दिवे लागेपर्यंत घरपट्टी भरू नका. राग खरा आहे. बाकी बरंचसं चूक.

आधी अमेरिका. दाखला दिलाय तो कॅलिफोर्नियाच्या 'लँडस्केपिंग अँड लायटिंग' (हिरवळ आणि दिवाबत्ती) आकारणीचा. १९७२ च्या कायद्यातली ही आकारणी घरपट्टीतून होत नाही, घरपट्टीच्या वर होते. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रॉपोझिशन १३' या सार्वमताच्या प्रस्तावाने मूळ मालमत्ता कर करमूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकला. मग शहरं अशा जादा आकारण्यांकडे वळली. बिल एकच, ओळ वेगळी. घर कितीचं आहे यावर ती ठरत नाही. त्या दिव्याचा, त्या हिरवळीचा मिळकतीला खास लाभ किती, हे अभियंत्याच्या अहवालात दाखवावं लागतं. १९९६ च्या 'प्रॉपोझिशन २१८' पासून नव्या किंवा वाढीव आकारणीआधी मालकांना मतपत्रिका जातात, विरोध जड झाला तर आकारणी बारगळते. म्हणजे तिथल्यासारखं हवं असेल तर घरपट्टी भरून वर आणखी पैसे द्यायला हात वर करावा लागेल. सोसायटीचा मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढवायचा म्हटलं तरी सभेत काय होतं, ते सांगायला नको.

'जास्त भरतो, तर आधी आम्हाला' हेही टिकत नाही. घरपट्टी करयोग्य मूल्यावर, म्हणजे मिळकतीला वर्षाला किती भाडं येऊ शकतं या हिशेबावर बसते. २०१८ मध्ये तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी १ एप्रिलपासूनच्या नव्या मिळकतींसाठी या मूल्याचे दर वाढवले, शहरभर गदारोळ झाला. त्यामुळे पाथर्डी फाट्यावरचा नवा फ्लॅट आणि भद्रकालीतला जुना वाडा यांच्या दरांत मोठी तफावत. भरण्याच्या प्रमाणात उजेड वाटला तर जुन्या नाशकातल्या बोळांतून टॉर्च घेऊनच फिरावं लागेल. सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती हे महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बंधनकारक काम आहे, कोण किती भरतो याच्याशी त्याचा संबंध नाही. घरपट्टीतला सामान्य कर महापालिकेच्या एकाच तिजोरीत जातो. २०१७ पासून राज्याकडून मिळणारी जीएसटीची भरपाईही तिथेच येते. बिलातला राज्य शिक्षण उपकर तर महापालिका फक्त गोळा करते.

आणि 'भरू नका'? थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, लवकर भरण्याची सवलत हुकते ती वेगळीच. निरोप पाठवणारा ती भरायला येणार नाही.

विचारायचंच तर हे विचारा: लेआउटमधले आतले रस्ते आणि खुली जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे का? बिल्डरने ती दिलीच नसेल, तर कमरेइतकं गवत वाढलेल्या त्या 'बागे'ला महापालिकेचा माळी येईल कुठून? झाली असेल तर खांबाचा नंबर घालून विद्युत विभागाला आणि बागेसाठी उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या. सोबत माहिती अधिकारात देखभालीच्या ठेक्याची प्रत मागा. दिवा किती दिवसांत दुरुस्त करायचा आणि नाही केला तर ठेकेदाराला दंड किती, हे त्यात शोधा.