“मामा, यातला कुठला बोर्ड छान दिसतोय?”

भाचीनं पुण्यात कर्वेनगरला केकचं दुकान काढलंय. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर तीन डिझाइनं टाकली आणि खाली हा प्रश्न. दर्शनी पाटी आधीच झाली होती. हा दुसरा बोर्ड, भिंतीतून काटकोनात रस्त्याकडे बाहेर येणारा. बोर्डवाले त्याला साईड बोर्ड म्हणतात, गोल असला की लॉलीपॉप.

मी उत्तर दिलं, “एकही नाही.” मग अर्थातच फोन आला.

तीनही डिझाइनं मोबाइलवर झकास दिसत होती. गोल, गुलाबी, वळणदार इंग्रजी अक्षरांत दुकानाचं नाव, खाली बारीक मराठी, त्याखाली ‘एगलेस अवेलेबल’, त्याखाली इन्स्टाग्रामचा पत्ता, कडेनं फोन नंबर. आता मला सांगा, दुचाकीवरून जाणारा माणूस मान वर करून इन्स्टाग्रामचा पत्ता वाचेल आणि पाठ करून घरी जाईल?

माझं चष्म्याचं दुकान आहे, कुमठेकर रस्त्यावर. माणसाला कुठून काय दिसतं हा माझा रोजचा धंदा. म्हणून हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो, ते आज इथेही होणार आहे.

डोळे तपासताना समोर जो तक्ता असतो, त्यातली ६/६ ची ओळ आठवा. सहा मीटरवरून वाचायच्या त्या अक्षराची उंची असते जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर. हेच अक्षर तीस मीटरवरून, म्हणजे साधारण शंभर फुटांवरून वाचायचं तर पाचपट लागतं, ४४ मिलिमीटर. पण हे झालं निरोगी डोळ्याचं, खुर्चीत शांत बसून, तक्त्यावर लक्ष लावून. रस्त्यावरच्या माणसाला अर्धा नंबर असतो आणि चष्मा घरी असतो. त्याची नजर ६/१२ धरा, म्हणजे निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते याला सहा मीटरवरून दिसतं, की झालं दुप्पट, ८८. शिवाय वाचता येणं वेगळं आणि न थांबता, सहज वाचलं जाणं वेगळं, त्यासाठी पुन्हा दुप्पट. आलो आपण १७५ मिलिमीटरला. सात इंच. एक अक्षर.

आणि ताशी तीसच्या वेगानं येणारी अ‍ॅक्टिवा ते शंभर फूट साडेतीन सेकंदांत संपवते. तेवढ्यात पुढची रिक्षाही बघायची असते.

पुन्हा हे सात इंच म्हणजे नुसतं अक्षराचं अंग, शिरोरेषेपासून तळापर्यंतचं. मराठीत वर मात्रा-वेलांटी येणार, खाली उकार लोंबणार, त्यांना जागा कुठून द्यायची? एका ओळीला दहा-अकरा इंच गेलेच समजा. दोन फुटी बोर्डवर एक ओळ. फारतर दोन, त्याही अंग चोरून. बोर्डवाला काय करतो, इंग्रजी अक्षरांच्या मापात मराठी ओळ कोंबतो आणि बसत नाही म्हणून कॉम्प्युटरवर आडवी ताणतो. उभ्या रेघा जाडजूड, शिरोरेषा मात्र आहे तेवढीच बारीक. ताणलेलं मराठी अक्षर बघितलं की मला दात शिवशिवल्यासारखं होतं. हौस म्हणून काहीजण अक्षरं एकाखाली एक लावतात, ‘मे’ खाली ‘डि’ खाली ‘क’ खाली ‘ल’. इंग्रजीत चालतं ते. मराठीत शिरोरेषेचे चार तुकडे होतात आणि ‘डि’ची वेलांटी वरच्या ‘मे’च्या पोटात शिरते.

गोल बोर्डचंही तेच. आपली लिपी वरून सरळ दोरीवर वाळत घातलेली, तिला चौकोन मानवतो. वर्तुळात तिला बसवायचं म्हणजे चारी बाजूंनी जागा सोडून मधे बारीक करून बसवणं आलं. लॉलीपॉप एखाद्या चिन्हासाठी ठीक. शब्दासाठी नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, म्हणजे मी हे सगळं जन्मतः शिकून आलो असा कुणाचा समज नको. पंधराएक वर्षांपूर्वी मी चार बाय तीन फुटांचा ग्लो साइन, म्हणजे आतून दिवे असलेला बोर्ड, लावला होता. लेन्सच्या एका कंपनीनं फुकट करून दिला, म्हणून दोन तृतीयांश बोर्डवर त्यांचं नाव आणि उरलेल्यात माझं. फुकटचा बोर्ड म्हणजे आपल्या भिंतीवर बिनभाड्याचा पोटभाडेकरू. माझ्या वाटणीच्या जागेत मी ‘चष्मे’ हा शब्द लिहून घेतला, तोही छोटा. मग एकदा पलीकडच्या फुटपाथवरून सहज बघितलं, तर ‘ष’ची तिरकी काडी गायब! ‘चप्मे.’ तक्त्यावर लोक ‘ध’ला ‘घ’ म्हणतात, ‘भ’ला ‘म’ म्हणतात, ‘ष’ला ‘प’ म्हणतात हे मी रोज ऐकतो, आणि स्वतःच्या बोर्डला नेमका तोच शब्द दिला.

तो बोर्ड गेला कसा, तेही ऐका. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून जाते तशी कुमठेकर, टिळक आणि केळकर रस्त्यांवरूनही जाते. पहाटेचे तीन वाजले असतील, आम्ही वरच्या गॅलरीत. एका मंडळाचा रथ आला, वर थर्माकोलचा कळस. पुढे दोन पोरं लांब बांबू घेऊन वायरी उचलत होती. वायरी उचलल्या, कळस निघाला, आणि कळसाची बाहेर आलेली महिरप माझ्या बोर्डला टेकली. एक पोरगा बांबूनं बोर्ड ढकलायला लागला. दुसरा वर बघून ओरडला, “काका, तुमचाच का हो? जरा वळवून घेतो!” आणि खरंच वळवला. चौकोनी पाइप मुळाशी पिळला, पत्र्याचा करकर आवाज ताशातही ऐकू आला. बोर्ड भिंतीला समांतर झाला, रथ गेला, पोरांनी हात जोडले. मीही जोडले. चूक माझी होती, मी चार फूट बाहेर काढून बसलो होतो.

माप ठरवताना लोकांना वाटतं, मोठा तेवढा चांगला. रस्त्याला आडव्या आलेल्या या बोर्डला वारा किती लागतो हे कुणी बघत नाही. दर्शनी पाटीच्या पाठीशी भिंत असते. हा मात्र रस्त्यावरून येणारा वारा छातीवर घेतो, शिडासारखा. बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्यावरून साधा हिशोब केला तरी चौरस मीटरला सुमारे ९३ किलोचा दाब येतो. दोन बाय दोन फुटांच्या बोर्डवर ३५ किलो. माझ्या त्या चार बाय तीनवर १०४ किलो, म्हणजे दीड माणूस बोर्डला आडवा लोंबकळतोय असं समजा, आणि सगळा जोर भिंतीतल्या चार बोल्टवर. पेठेतल्या जुन्या भिंती माती-विटांच्या, त्यात फासनर, म्हणजे भिंतीत ठोकायचा बोल्ट, ठोकला की पहिल्या पावसाळ्यात ढिला. तिथे बोल्ट आरपार काढून आतल्या बाजूनं पट्टी द्यावी लागते. बोर्डवाला हे आपणहून करत नाही, कारण आतला प्लास्टर फुटतो आणि मालक बोंबलतो.

लंडनमध्ये १७१८ साली फ्लीट स्ट्रीटजवळ असाच एक जड बोर्ड घराची दर्शनी भिंत सोबत घेऊन खाली आला आणि चार माणसं मेली. पुढे १७६० च्या दशकात तिथे टांगते बोर्ड उतरवून भिंतीला सपाट लावायला लावले. आपल्याकडे घाटकोपरचं होर्डिंग १३ मे २०२४ ला पडलं, १७ जण गेले. त्यापुढे दुकानाचा बोर्ड म्हणजे किस झाड की पत्ती, पण दहा फुटांवरून डोक्यात पडायला दोन फुटांचा पत्राही पुरतो.

परवानगीचं थोडक्यात. दर्शनी पाटी आणि रस्त्यावर डोकावणारा बोर्ड हे महापालिकेच्या लेखी एक नाहीत. महापालिका अधिनियमाच्या कलम २४४, २४५ खाली परवानगीचा विषय येतो, आणि पुण्यात त्यासाठी ‘आकाशचिन्ह व परवाना’ असं कवितेसारखं नाव असलेला विभाग आहे. आधी विचारा, मग भोकं पाडा. मराठीचं म्हणाल तर दुकाने-आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. व्यापारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, कोर्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. मला यात तक्रारीसारखं काहीच दिसत नाही. आपलं गिऱ्हाईक मराठी वाचतं. तक्रार आहे ती मराठी ‘घालायची म्हणून’ घालण्याबद्दल.

तर भाची. तिला मी म्हटलं, समोरची पाटी सांगते कोण, आडवा बोर्ड सांगतो काय. तुझं नाव अजून कुणाला माहीत नाही, मग ते शंभर फुटांवरून वाचून कुणाला काय कळणार? ज्यांचं चिन्ह जगाला पाठ आहे त्यांनी नुसतं चिन्ह लावावं. आपण वस्तू लिहावी. एसटीडी फोन बूथचे पिवळे बोर्ड आठवतात का? मालकाचं नाव काय होतं कुणालाच ठाऊक नसायचं, पण परगावी, रात्री, पावसात तो पिवळा तुकडा लांबून दिसायचा आणि पाय तिकडे वळायचे.

“पण मामा, ब्रँडिंग?” हा शब्द दहा मिनिटांत सहा वेळा आला.

शेवटी रविवारी सकाळी मी गेलोच. केकच्या खोक्याचे दोन फुटी पुठ्ठे घेतले. एकावर तिचं डिझाइन मोठ्ठं प्रिंट करून चिकटवलं, दुसऱ्यावर मी जाड मार्करनं ‘केक’ लिहिलं. तिच्याकडचा पोरगा शिडीवर चढला आणि एकेक पुठ्ठा भिंतीपासून बाहेर धरला. तिला म्हटलं, कोपऱ्यावरच्या डेअरीपासून चालत ये, वाचता आलं की हात वर कर. डिझाइनच्या वेळी तिचा हात वर गेला तेव्हा ती आमच्यापासून आठ पावलांवर होती. दुसऱ्या वेळी डेअरीतून निघताक्षणीच हात वर. आणि मग दहा पावलांनी खाली, कारण मधे सोनमोहोराचं झाड होतं. ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मग बोर्ड दीड फूट खाली आणि दाराच्या दुसऱ्या अंगाला घेतला. शिडीवरचा पोरगा म्हणाला, “काका, हात भरून आला, ठरवा आता.” हे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर कधी दिसलं असतं?

‘केक’ हा शब्द बोर्डसाठी देवानंच पाठवलाय, जोडाक्षर नाही, उकार नाही. मला हेवा वाटला.

दिव्याबद्दल एकच. बोर्डवाल्याला आतून पांढराशुभ्र उजेड पाडायचा होता. मी नको म्हटलं. साठीच्या पुढच्या किती जणांना सुरुवातीचा मोतीबिंदू असतो ते मी रोज बघतो. त्यांना पांढऱ्या झगझगीत बोर्डवर अक्षर दिसत नाही, नुसता प्रकाशाचा गोळा दिसतो. मागचा रंग गडद ठेवा, उजेड अक्षरातून येऊ द्या. एलईडीचा पॉवर सप्लाय बोर्डच्या पोटात न ठेवता दुकानात घ्या, वायर जाड वापरा, आणि डब्याला खालून दोन भोकं पाडा. पाणी आत जाणारच, त्याला बाहेर यायला वाट हवी. बोर्डवाला भोकांना तयार नव्हता, “फिनिशिंग जातं साहेब.” मी तिथेच उभा राहिलो.

बोर्ड मागच्या गुरुवारी लागला. गडद तपकिरी, त्यावर ‘केक’, दोन्ही बाजूंनी. भाचीनं फोटो टाकला, खाली लिहिलं “बोअरिंग आहे पण दिसतोय.” पहिल्याच संध्याकाळी एक आजोबा रस्ता ओलांडून आत आले आणि म्हणाले, “बोर्ड लांबून दिसला. खारी आहे का?”

आता तिला खाली ‘खारी, टोस्ट, नानकटाई’ची पट्टी जोडायची आहे. तिचे दोन मिस्ड कॉल येऊन पडलेत, मी ही पोस्ट लिहितोय.