अफगाणपूरचा मंडप आणि न पाहिलेला साक्षीदार

महंमद तुघलकाने आपल्या बापाचा, म्हणजे सुलतान गियासुद्दीन तुघलकाचा, 1325 साली खून केला, ही गोष्ट आजकाल सिद्ध झालेल्या सत्यासारखी सांगितली जाते. तिचे प्रचलित रूप थोडक्यात असे आहे. बंगालच्या मोहिमेवरून परतणाऱ्या सुलतानासाठी राजपुत्राने दिल्लीबाहेर अफगाणपूर येथे लाकडी मंडप उभारला. हत्तीचा धक्का लागताच कोसळेल अशीच त्याची रचना होती. सुलतान आणि त्याचा लाडका धाकटा मुलगा महमूद त्याखाली चिरडले गेले, ढिगारा मुद्दाम उशिरा उपसला गेला आणि पुरावा दडपण्यासाठी रातोरात दफन उरकण्यात आले. हे सर्व प्रवासी इब्न बतूताने ‘डोळ्यांनी पाहून’ लिहिले, कवी इसामीने त्याला दुजोरा दिला, दरबारी इतिहासकार बरनीने मात्र वीज पडल्याची थाप मारली. शेवटी सूफी संत निजामुद्दीन औलियांनी परतणाऱ्या सुलतानाविषयी उच्चारलेले मानले जाणारे ‘हुनूज दिल्ली दूर अस्त’, म्हणजे ‘दिल्ली अजून दूर आहे’, हे वाक्य जोडले की कथा पूर्ण होते.

खून झालाच नाही, असा माझा दावा नाही. संशयाला जागा आहे आणि ती चांगली मोठी आहे. पण या कथेत सात शतकांतले निरनिराळे धागे एकत्र वळले आहेत, आणि त्यांतले काही धागे उघडउघड चुकीचे आहेत. महंमद तुघलकाने दिल्लीकरांना आमच्या देवगिरीला आणले, ‘तुघलकी कारभार’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांना अजून पुरतो, त्यामुळे त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी आपण ते तपासल्याशिवाय मान्य करतो. मला खटकते ते हेच.

इब्न बतूतापासून सुरुवात केली पाहिजे, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. गियासुद्दीन मेला तो हिजरी 725 च्या रबी-उल-अव्वल महिन्यात, म्हणजे 1325 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. इब्न बतूता मोरोक्कोतील टँजिअरचे आपले घर सोडून हजला निघाला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी. मंडप कोसळला तेव्हा या प्रवाशाचा प्रवास सुरूच झालेला नव्हता. तो सिंधू नदीवर पोहोचला 1333 च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे घटनेनंतर साडेआठ वर्षांनी. त्याने ‘पाहिले’ असे म्हणणाऱ्या माणसाने त्याचा ग्रंथ उघडून बघितलेला नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. स्वतः इब्न बतूताने तसा दावा कोठेही केलेला नाही. ही हकीकत आपल्याला मुलतानचे सूफी शेख रुकनुद्दीन यांनी सांगितली, असे तो स्वच्छ लिहितो.

आता कोणी म्हणेल की शेख रुकनुद्दीन तर तेथे होते, मग फरक काय पडला? फरक पडतो, आणि तो समजण्यासाठी शेखांचे निवेदन शब्दागणिक वाचावे लागते. त्या दिवशी आपण सुलतानाबरोबर मंडपात होतो, महमूदही होता, असे ते सांगतात. राजपुत्र महंमद आला आणि म्हणाला, अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाची वेळ झाली आहे, खाली उतरून नमाज पढावा. शेख खाली उतरले. मग हत्ती एका बाजूने आणले गेले आणि इमारत कोसळली. तो आवाज कानी पडताच नमाज न पढताच शेख परत फिरले. म्हणजे शेख कोसळण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या क्षणांचे साक्षीदार आहेत. नेमक्या त्या क्षणी ते मंडपात नव्हते. आपल्याला बाहेर बोलावले गेले आणि लगेच मंडप पडला, हा त्यांचा अनुभव अतिशय महत्त्वाचा आहे, मी तो हलका लेखत नाही. पण हत्ती ‘ठरल्याप्रमाणे’ आले हा भाग अनुभवाचा नाही. तो त्या अनुभवावरून काढलेला अर्थ आहे. न्यायाधीश या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. इब्न बतूता स्वतः दिल्लीत काझी होता, त्यालाही हा भेद परका नसावा.

शिवाय ही साक्ष आपल्यापर्यंत आली कशी? शेखांनी ती 1333 नंतर सांगितली. इब्न बतूताने आपला प्रवास फेझ येथे इब्न जुझय्य या लेखनिकाला सांगून पुरा केला तो 1355 मध्ये. बुखारा येथे उतरवून घेतलेली आपली टिपणे समुद्रावर लुटली गेली, हे त्यानेच सांगितले आहे. म्हणजे घटना आणि लेखन यांत तीस वर्षे आणि दोन माणसांची स्मरणशक्ती आहे. मधल्या काळात हाच इब्न बतूता महंमदाच्या संशयाला पात्र ठरला होता. सुलतानाच्या रोषास पात्र झालेले सूफी शेख शिहाबुद्दीन यांना भेटल्यावरून त्याच्याभोवती पहारा बसला, शेखांना देहदंड झाला आणि याचा जीव कसाबसा वाचला. मोरोक्कोत बसून त्याला महंमदाची भीती नव्हती, म्हणून तो मोकळेपणाने लिहू शकला, हे म्हणणे रास्त आहे. परंतु भीती संपली म्हणून कटुता संपत नाही.

मंडपाच्या रचनेची गोष्ट यानंतर घेतो. बांधकामाचा अधिकारी अहमद बिन अयाझ याने तीन दिवसांत लाकडी खांबांवर ही वास्तू उभी केली, असे इब्न बतूता सांगतो, आणि ठरावीक बाजूने हत्ती गेले की ती पडावी अशी युक्ती त्याने केली होती, असेही पुढे जोडतो. तीन दिवसांत घाईने उभारलेली लाकडी इमारत जवळून हत्ती गेल्यावर कोसळली, तर त्यासाठी कोणत्याही युक्तीची गरज लागत नाही, घाई पुरेशी आहे. उलट युक्ती होती असे मानले तर एक अडचण उभी राहते, आणि कथा सांगणारे तिच्याकडे पाहतच नाहीत. कारस्थान रचणारा राजपुत्र त्याच मंडपात मेजवानीला हजर होता, शेखांना बोलवायला तो आत आला होता. धक्क्यावर कोसळणारा सापळा आपण सुखरूप बाहेर पडेपर्यंत थांबेल याची हमी त्याला कोणी दिली होती? इतिहासकारांपैकी आगा महदी हुसेन यांनी अपघाताची बाजू मांडली, तर वूल्झली हेग यांनी कटाची, आणि दोघेही फारसी साधने मुळातून वाचणारे होते. इतक्या जाणकारांत एकमत नसलेली गोष्ट आपण दोन ओळींत निकालात काढू नये.

अहमद बिन अयाझ पुढे ‘ख्वाजा जहान’ झाला आणि वजीर म्हणून गाजला, हे त्याला मिळालेले बक्षीस होते, असेही म्हणतात. शक्य आहे. पण नव्या सुलतानाने आपल्या विश्वासातला अधिकारी वर चढवणे ही त्या काळातली रोजची गोष्ट होती, तेवढ्यावरून खुनाचा हिशेब मांडता येत नाही.

ढिगारा उपसायला उशीर झाला, हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. कुदळी-फावडी आणण्याचा हुकूम राजपुत्राने दिला, पण सावकाश आणा अशी खूणही केली, आणि अवजारे सूर्यास्तानंतर आली, असे निवेदन आहे. सुलतान सापडला तेव्हा तो मुलाला वाचवण्यासाठी त्याच्यावर ओणवा झालेला होता. हा तपशील वाचताना आजही मन हेलावते, आणि कथा इतकी टिकून राहण्याचे एक कारण कदाचित तेच असेल. मात्र पुढच्याच वाक्यात इब्न बतूता म्हणतो की काहींच्या मते सुलतान मेलेलाच बाहेर काढला, काहींच्या मते तो जिवंत होता आणि त्याला संपवण्यात आले. म्हणजे येथे तो स्वतःच लोकवार्ता नोंदवतो आहे. प्रचलित कथेत या ‘काहींच्या मते’चे ‘निश्चितच’ झाले आहे. रातोरात केलेले दफन हा पुरावा तर मुळीच टिकत नाही. इस्लामी रिवाजात दफन लवकर करतात, आणि तुघलकाबाद येथे गियासुद्दीनाने स्वतःची कबर आधीच बांधून ठेवली होती.

‘दिल्ली दूर अस्त’ या वाक्याकडे वळण्यापूर्वी दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. सुलतान मेला रबी-उल-अव्वलमध्ये. निजामुद्दीन औलियांचे निधन झाले 18 रबी-उल-आखिर 725 रोजी, म्हणजे 3 एप्रिल 1325 ला. या परंपरागत तारखांप्रमाणे शेख सुलतानानंतर वारले. इब्न बतूता मात्र सांगतो की सुलतान मोहिमेवर असतानाच शेख वारले, राजपुत्राने त्यांच्या जनाजाला खांदा दिला आणि ते ऐकून बाप संतापला. बाप-लेकांच्या वितुष्टाचा हा त्याचा ठळक आधार आहे, आणि तोच तारखांशी जुळत नाही. राहिले ते प्रसिद्ध वाक्य. बरनी हा निजामुद्दीन औलियांचा भक्त होता. आपल्या गुरूची भविष्यवाणी अशी अक्षरशः खरी ठरली असती तर तिचा गौरव करण्याची संधी त्याने सोडली नसती. त्याच्या इतिहासात ते वाक्य नाही.

इसामीचा दुजोरा हा मराठी मुलखाशी थेट जोडलेला विषय आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 1327 मध्ये दिल्लीकरांना दौलताबादला हलवले गेले त्यांत सोळा वर्षांचा इसामी होता. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा वाटेतल्या पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, वारले. त्या मुलाच्या मनात महंमदाविषयी काय साठले असेल हे वेगळे सांगायला नको. पुढे 1347 मध्ये दौलताबादेत महंमदाविरुद्ध बंड झाले, बहमनी राज्य जन्माला आले आणि इसामीने आपले महाकाव्य 1350 च्या सुमारास पहिला बहमनी सुलतान अलाउद्दीन हसन याच्या आश्रयाने लिहिले. बंड करून गादीवर बसलेल्या राजाला आधीचा सुलतान पितृघातकी असणे सोयीचेच होते. इसामी खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. त्याने दिल्लीत लहानपणी ही कुजबुज ऐकली असणे अगदी संभवनीय आहे. पण कुजबुज ऐकलेली दोन माणसे म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार होत नाहीत.

उरला बरनी. जेवण आटोपून अमीर हात धुवायला बाहेर गेले असताना आकाशातून वीज पडली, छत कोसळले आणि सुलतानासह पाच-सहा जण मेले, एवढेच तो लिहितो. अशा मोठ्या घटनेला इतके कमी शब्द दिलेले पाहून शंका येते, ती मलाही येते. त्याने लिहिले 1357 मध्ये, महंमदानंतर गादीवर आलेल्या आणि त्याच्याविषयी आदर बाळगणाऱ्या फिरोजशाहाच्या काळात. तोही प्रत्यक्षदर्शी नव्हता, कारण महंमदाच्या दरबारात तो 1334 च्या सुमारास आला. म्हणून बरनीच्या विजेवर मी अपघाताचा निकाल देणार नाही. पण ‘फेब्रुवारीत दिल्लीत वीज कशी पडेल’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी उत्तर भारतातला हिवाळ्याअखेरचा वादळी पाऊस पाहिलेला नसावा. आणि बरनी महंमदाची पापे झाकणारा भाट होता, हे तर सरळ असत्य आहे. महंमदाने सांडलेल्या रक्ताविषयी त्याने पानेच्या पाने भरली आहेत. स्वतः फिरोजशाहाने महंमदाच्या हातून मारल्या गेलेल्यांच्या वारसांकडून आणि अपंग केलेल्यांकडून भरपाई देऊन क्षमापत्रे लिहून घेतली आणि ती पेटीत घालून महंमदाच्या कबरीच्या उशाशी ठेवली. ती कबर तुघलकाबादला गियासुद्दीनाच्याच मकबऱ्यात, बापाच्या शेजारी आहे, असे परंपरेने मानले जाते.