ताण म्हणजे दुष्काळ नव्हे

"झाडालासुद्धा दुःख दिल्याबिगर फूल येत नाही," अण्णा म्हणाले आणि मोतीबागेजवळच्या कट्ट्यावर वाद पेटला.

संक्रांत नुकतीच झालेली. जालन्यात या दिवसांत बोलणं कुठूनही सुरू होवो, मोसंबीच्या आंबे बहारावर, म्हणजे थंडीत पाणी तोडून धरायच्या फुलोऱ्यावर, येतंच. अण्णांना एकादशीच्या प्रवचनासाठी दृष्टान्त हवा होता. डिसेंबरात मोसंबीचं पाणी तोडतात, झाड मलूल होतं, पानं गाळतं आणि पुन्हा पाणी दिलं की फुलांनी लगडतं. देवही माणसाला असाच ताण देतो, असं त्यांचं म्हणणं. "अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला. आपण मळ्यातून एवढंही शिकू नये?"

"शिका ना, पण अर्धं नका शिकू," रोपवाटिकेवाले मामा म्हणाले. "ताण कोणत्या झाडाला देतात, सांगा."

"फळाच्या."

"धडधाकट झाडाला. पाच वर्षांच्या आतल्या झाडाला ताण नाही. डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) लागलेल्या, सल (वाळक्या फांद्या) पडलेल्या झाडाला नाही. आधीचा माल उतरून झाडाला विसावा मिळालेला पाहिजे. आजारी झाडाचं पाणी तोडलं तर ते फुलत नाही, वाळतं."

कृषी सहायक ताईंनी त्यामागचं कारण सांगितलं, आणि सगळ्या वादात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते. पण पानं हिरवी आहेत तोवर अन्न तयार करतच राहतात. ते वाढीवर खर्च होत नाही, काड्यांत साठत जातं. थंडीचीही त्याला मदत होते. पुढं फूल येतं ते त्या साठ्याच्या बळावर. "साठाच नसेल तर कितीही ताण द्या, अण्णा, फूल कशातून येणार?"

अण्णा हटले नाहीत. "पण ताण दिल्याशिवाय तरी कुठं येतं?"

तेही खरंच. काळ्या भारी जमिनीत नेहमी भरपूर पाणी मिळालेली बाग नुसती पाल्यानं माजते. फुलं विरळ येतात, कधी दोन बहार एकात एक मिसळतात आणि धड एकही हाती लागत नाही. म्हणून ताण हवाच. प्रश्न आहे तो किती आणि कुठवर, याचा.

इथं बापूंनी हिशेब मांडला. हलक्या मुरमाड रानात तीस ते चाळीस दिवस, भारी काळ्या रानात पन्नास ते साठ. पण दिवस मोजून भागत नाही, रोज झाड बघावं लागतं. पानं फिकी पडली, साधारण पाव हिस्सा पानं गळाली की ताण पुरा झाला. पानांच्या गुंडाळ्या होऊन शेंडे वाळायला लागले तर आपण उशीर केला. काळ्या रानाला भेगा पडल्या की बारीक मुळ्या तुटतात, म्हणून ताणातही हलकी वखरणी करून भेगा बुजवायच्या. वाळलेली सल काढायची. खोडाला जमिनीपासून दोन-तीन फूट बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. आळं दुहेरी, म्हणजे खोडाभोवती दोन गोल बांधांचं, करायचं, मग पाणी खोडाला शिवत नाही आणि डिंक्या लांब राहतो.

"म्हणजे ज्याला तुम्ही दुःख म्हणता," मामा म्हणाले, "त्या पन्नास दिवसांत माणूस झाडाजवळून हलत नाही. दुष्काळात कोण असतं जवळ? 2012-13 ला आपल्याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनं जगवता जगवता लोक टेकीला आले, कुऱ्हाड लावावी लागली. त्याला ताण म्हणाल?"

कट्टा गप्प झाला. माझं मत स्पष्ट आहे: मराठवाड्यात बसून सोसणाऱ्याला 'सोस, फूल येईल' असं सांगण्याआधी त्याच्याकडं साठा किती उरलाय हे बघायला हवं. तसं न बघता दिलेला दृष्टान्त माणसाला दुखावतो.

अण्णांनी मग खरा मुद्दा काढला. "मृग बहाराचं काय? एप्रिल-मेमध्ये ताण, आणि तो ताण तोडणारा, म्हणजे पुन्हा पाणी देणारा, पाऊस. तिथं तर विश्वासच ना?"

"विश्वास आहेच," मामांनी मान्य केलं. "पण शहाणा बागायतदार विहिरीत दोन-तीन पाळ्यांचं पाणी राखून ठेवतो. पाऊस लांबला तर स्वतः ताण तोडतो. आणि आंबे बहाराला मे महिन्यात पाणी लागतंच. तेव्हा विहीर कोरडी पडणार हे दिसत असेल, तर त्यानं आंबे बहार धरूच नये. वाटाण्याएवढी फळं उन्हाळ्यात गळताना बघवत नाहीत."

ताईंना मोगऱ्याची आठवण झाली. तोच नियम कुंडीत लावून लोक झाड मारतात. कुंडीत माती मूठभर, ती पन्नास दिवस काय, उन्हात आठवडाभरही दम धरत नाही. मोगऱ्याची जानेवारीत छाटणी करायची, शेणखत घालायचं, पाणी थोडं कमी करायचं, बंद नाही.

अण्णांनी वही काढली. "ताण तोडायचा कसा, ते सांगा. तेवढं राहिलंय."

बापू सांगू लागले, "आधी झाडाला पन्नास किलो शेणखत, स्फुरद-पालाश पूर्ण आणि नत्र अर्धं. उरलेलं नत्र दीड महिन्यानं. मग पहिलं पाणी हलकं, ती आंबवणी. चार-पाच दिवसांनी जरा जास्त, ती चिंबवणी. त्यानंतर नेहमीच्या पाळ्या. पहिल्याच दिवशी तुडुंब भरलं तर फुलाऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते, सगळा साठा पाल्यात जातो."

"आंबवणी म्हणजे किती पाणी?"

"नेहमीच्या पाळीच्या निम्मं."

अण्णांनी ते लिहून घेतलं आणि वर आधीच लिहिलेल्या 'दुःख' या शब्दावर काट मारली.