आखाजीचा हिशेब आणि शेफील्डची पत्रं

महिन्यातून एका मंगळवारी संध्याकाळी शेफील्डमधल्या क्वेकर पंथीयांच्या इमारतीत एका खोलीत आम्ही आठ-दहा जण जमतो. चहा, बिस्किटं आणि टेबलावर कोरे कागद. मानवाधिकारांसाठी काम करणाऱ्या अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा हा स्थानिक गट. कुठल्याशा देशात, लिहिल्या-बोलल्याबद्दल तुरुंगात पडलेल्या कुणासाठी तिथल्या मंत्र्याला पत्र लिहायचं: ‘महोदय, आपल्या ताब्यातील अमुक यांना वकिलाला भेटू द्यावे, ही विनंती.’ शिवी नाही, घोषणा नाही. खाली सही, पाकिटावर तिकीट आणि वहीत नोंद: कुणी लिहिलं, कधी टाकलं, उत्तर आलं का. शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच राहतो. बारा वर्षं मी हे करते आहे. त्यासाठी मला पोस्टाच्या तिकिटापलीकडे काहीही मोजावं लागलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते याच फुकटेपणाबद्दल आहे.

माझं माहेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठाला. कापूस, केळी, थोडा हरभरा. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलते, आते-मामेभाऊ धरून चाळीसएक माणसं. जुलै 2025 मध्ये कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं महाराष्ट्राचं विशेष जनसुरक्षा विधेयक 10 तारखेला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर झालं, तेव्हा त्या ग्रुपवर फटाके फुटले. ‘आता शहरी नक्षलवाल्यांची खैर नाही.’ मी एवढंच लिहिलं, की या विधेयकावरच्या समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या, त्या कशाबद्दल होत्या ते तरी वाचा. ‘कडव्या डाव्या’ या शब्दांना जोडून जो ‘तत्सम’ आलाय, त्यात उद्या कोण कोण बसेल ते विचारा. लगेच एका भावाचं उत्तर: ‘तुझीच ना ती संस्था, जिचं दुकान इथे बंद झालं?’

खोटं नव्हतं ते. अ‍ॅम्नेस्टीच्या भारतातल्या संस्थेची बँकखाती गोठवली गेली आणि सप्टेंबर 2020 मध्ये तिला काम थांबवावं लागलं. सरकारचं म्हणणं, परदेशी पैशांचे नियम मोडले. संस्थेचं म्हणणं, आमचं तोंड बंद केलं. त्यावर मी चार परिच्छेद टाइप केले आणि पुसले. दुसऱ्या एका काकांनी तोवर विषय संपवला होता: ‘अगं, तिकडे बसून मानवाधिकार सोपे असतात.’

काका चुकले असं मला म्हणता येत नाही. ते ज्या अर्थाने म्हणाले त्या अर्थाने चुकले. पण वाक्य खरं आहे.

इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींत दोन जाती आहेत. पहिली म्हणते, ‘या लोकांकडून शिकावं, माणसाची किंमत कळते यांना.’ दुसरी म्हणते, ‘हे आम्हाला काय शिकवणार, दीडशे वर्षं लुटून गेले.’ दोघांनीही इथली वर्तमानपत्रं वाचलेली नसतात. आश्रयाला आलेल्या लोकांना रवांडाला पाठवून द्यायची योजना याच देशाच्या सरकारने आणली. नोव्हेंबर 2023 मध्ये इथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, तेव्हा त्या लोकांचे खटले लढवणाऱ्या वकिलांना इथले पुढारी जे शब्द वापरत होते ते आमच्या ग्रुपवर मराठीत भाषांतर न करताही कळले असते. आणि त्याच वेळी शेफील्ड हे स्वतःला ‘आसऱ्याचं शहर’ म्हणवणारं ब्रिटनमधलं पहिलं शहर. दोन्ही खरं. त्यामुळे ‘तिकडे कसं’ हा प्रश्न कुणी विचारला की मी चहा ठेवायला उठते.

मला इथे खरं काही शिकवलं असेल तर आमच्या गटातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी. निवृत्त शिक्षिका, सत्तरच्या दशकापासून पत्रं लिहिणाऱ्या. त्यांनी एकदा जुनी पद्धत सांगितली. त्या काळी एकेका गटाकडे तीन कैदी दिले जात: एक पाश्चिमात्य देशातला, एक साम्यवादी देशातला आणि एक तिसऱ्या जगातला. कुणी पक्षपाताचा आरोप करू नये म्हणून. आणि दुसरा नियम असा, की स्वतःच्या देशातल्या प्रकरणावर कुणी काम करायचं नाही. सुरक्षिततेसाठी आणि निःपक्षपातासाठी. नवं शतक उजाडता उजाडता तो नियम सैल झाला. बाई हसून म्हणाल्या, नियम सैल झाला तरी मला मात्र सवय लागून गेली होती.

ती सवय मलाही होती, हे मला फार उशिरा कळलं. 1 जुलै 2018 ला आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. इथल्या पेपरात बातमी आली आणि पुढच्या बैठकीत एकाने मला विचारलं, हे तुझ्या भागातलं का? मी चटकन म्हणाले, नाही, आमच्यापासून लांब आहे, डोंगराकडे. मग पुढच्या पत्राचा मजकूर ठरला, बिस्किटांची बशी फिरली. घरी येऊन नकाशा काढला. लांब कसलं! शिरपूरहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे असतो.

गेल्या आखाजीला मी माहेरी होते. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधतात, पुरुष पत्ते कुटतात. खापरावरचे मांडे असतात, आमरस असतो. आणि याच दिवशी सालदाराचं साल संपतं. वर्षभर राबलेल्या गड्याचा हिशेब होतो, पुढच्या सालाची बोलणी होतात.

त्या सुटीत मी आधी चार दिवस सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर गेले होते. तिथे एक स्थानिक संघटना वनहक्काच्या दाव्यांची कामं करते. नाव लिहीत नाही, त्यांना हल्ली नावाचीच भीती वाटते. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसत होता, त्याचा त्या जमिनीवर हक्क, जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा ग्रामसभेकडे, तिथून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. दावा फेटाळला तर कारण कळवलं पाहिजे, साठ दिवसांत अपील करता येतं. कागदावर सगळं व्यवस्थित. प्रत्यक्षात लोकांच्या हातात ‘पुरावा अपुरा’ एवढे दोन शब्द.

शेफील्डच्या बारा वर्षांचा तिथे उपयोग झाला, तो पत्र नीट लिहायची सवय लागल्याचा. तारीख घाल, जावक नंबर घाल, विनंती एकच कर, पोच घे. बाकी सगळं मला शिकावं लागलं. एक साठीचा पावरा आदिवासी बाबा घराच्या कौलांखालून प्लॅस्टिकची पिशवी काढून आला. आत दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केलं म्हणून जंगल खात्याने त्याच्याकडून वर्षानुवर्षं वसूल केलेल्या दंडाच्या. घड्यांवर फाटलेल्या, एकीवर उंदराने कुरतडलेला कोपरा. मला वाटलं हा तक्रार घेऊन आलाय. संघटनेच्या पोराने मात्र त्या पावत्या हातात घेतल्या आणि त्याचा चेहरा फुलला: 2005 च्या आधी हा माणूस त्या जमिनीवर होता, हे खुद्द खात्यानेच लिहून दिलं होतं! शिक्षेचा कागद पुराव्याला लागला. शेताचे बांध, लावलेला आंबा, शेजारच्या म्हाताऱ्याचा जबाब, हे सगळंही पुरावा म्हणून चालतं. पण शिक्क्याच्या कागदाची ऐट वेगळीच.

13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला होता आणि 28 तारखेला स्वतःच तो थांबवला. त्या पंधरा दिवसांबद्दल बाबाला विचारलं, तर तो म्हणाला, त्याला तेव्हा काही कळलंच नव्हतं. मी मात्र तेव्हा शेफील्डमध्ये दुसऱ्या देशातल्या विस्थापितांसाठी पत्र लिहीत होते.

निघताना संघटनेच्या झेरॉक्सच्या खर्चासाठी पाच हजार रुपये देऊ लागले, तर त्यांनी हात मागे घेतले. 2019 मध्ये मी ब्रिटिश पासपोर्ट घेतला आहे. भारताचा नागरिक परदेशात राहून बचतीतून पैसे देतो तेव्हा ते देशी. माझ्यासारखीने दिले की ते परदेशी योगदान, त्यासाठी संस्थेकडे वेगळी नोंदणी हवी आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं हवं. सातपुड्यातल्या झेरॉक्सचे पैसे व्हाया दिल्ली. हसावं की रडावं ते कळेना. ग्रुपवरचे ‘परदेशी पैसा’ म्हणून ओरडणारे भाऊ दर दिवाळीला माझ्याकडून मंदिराच्या सभामंडपासाठी वर्गणी मागतात, त्यावर कधी कुणाला नियम आठवला नाही.

एवढं सगळं करून छाती फुगवून मी आखाजीला घरी आले, आणि ओट्यावर आप्पा लाल वही उघडून बसले होते.

समोर सालदार उकिडवा. भिल्ल समाजाचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमच्या घरातली दहा वर्षांची पोरंही त्याला नावाने, अरे-तुरे करून हाक मारतात. मीही मारत आले. वहीत महिन्यागणिक खाडे मांडलेले. मे महिन्यापासून कोण कधी आला नाही त्याच्या उभ्या रेघा. खाडा म्हणजे पैसे कापले, किंवा पुढच्या साली भरून द्यायचा. रात्रीच्या लाइटला केळीला पाणी भरायला तोच जातो, विंचवा-सापांतून, बॅटरी तोंडात धरून. त्या रात्रींसाठी वहीत रकाना नाही. शेवटी उचल: पोरीच्या लग्नाला घेतलेली, त्यातली थोडी फिटलेली, बरीच उरलेली. ती फिटेपर्यंत तो दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नाही. म्हणजे जाऊ शकतो, उचल टाकून जावं लागतं, आणि ती कुठून टाकणार?

मी मोबाइलवर किमान वेतनाचा तक्ता काढला आणि भागाकार केला. बसत नव्हतं. 1981 मध्ये दिल्लीच्या एका लोकशाही हक्क संघटनेने एशियाडच्या बांधकाम मजुरांबद्दल न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं होतं. त्या पत्राची याचिका झाली आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा घटनेने बंदी घातलेली वेठच. आणि उचलीपायी माणूस बांधून ठेवणं तर 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे, असं कर्ज त्या कायद्याने रद्दच होतं. आमचा सालदार त्या व्याख्येत नेमका बसतो का, हे वकील सांगतील. मला तो भागाकार पुरेसा होता.

आप्पांना हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘तू तठे बठीसन कागद लिखस. आठे खाडा कोन भरी?’ मग मराठीत, जरा हळू आवाजात, म्हणाले की बहात्तर साली शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांच्या मागे आदिवासी उठले तेव्हाही हेच मागत होते: बळकावलेल्या जमिनी परत द्या, सालदाराला पुरता पगार द्या. ‘तेव्हा तुझे आजोबा रात्री खळ्यात झोपायचे, काठी घेऊन.’ कुणाच्या बाजूने, ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

मग मी सालदाराकडे वळले. त्यालाही कायदा समजावला, अगदी पाड्यावर समजावला तसाच. तो ऐकत राहिला. पहिल्यांदाच मी त्याला ‘भाऊ’ म्हटलं, तेव्हा तो थोडा अवघडला. म्हणाला, ‘ताई, वही फाडी टाकी त पुढला साल माले उचल कोन दी?’ धाकटीचं लग्न आहे. बँक त्याला देत नाही, सावकार महिन्याला पाच टक्के लावतो, आप्पा व्याज लावत नाहीत. आप्पांनी या वाक्यावर मान डोलावली. मला तेव्हा आप्पांचाही राग आला आणि स्वतःचाही, पण कुणाला काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

म्हणून आता ग्रुपवर कुणी म्हणालं की तिकडे बसून मानवाधिकार सोपे असतात, तर मी ‘हो’ लिहिते. दूरच्या देशातल्या मंत्र्याला पत्र लिहिणं सोपंच असतं. त्याच्या घरी मला आखाजीला जायचं नसतं. पाड्यावरच्या त्या संघटनेतली पोरं जिथे दावे भरतात, त्याच गावच्या सरपंचाकडे त्यांच्या बापाने बैल गहाण टाकलेला असतो. त्यांच्या कामाला ‘परदेशी’ म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे झेरॉक्सच्या रांगेत उभं राहून बघावं. आणि माझ्यासारख्यांनी त्यांना शहाणपण पाठवणं थांबवून, पाठवायचंच असेल तर आपल्या घरातली वही वाचून पाठवावी. मला ती वही चाळीस वर्षं दिसत होती. तिच्या पुठ्ठ्यावर मी लहानपणी खडूने मोर काढला होता, तो अजून आहे.

परवा दादाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आप्पांचं ते तिरकं अक्षर: खाडे अकरा, पैकी आजारपणाचे सहा धरले नाहीत. रात्रीच्या लाइटसाठी एक नवा रकाना आखलाय, अजून कोरा. खाली: उचल पुढे ओढली.