कोटाआधी बॅकस्लॅश लावला की काम झालं? नाही हो

लिंकवर क्लिक केल्यावर जावास्क्रिप्ट (वेबपानात चालणारा कोड) चालवायचीय आणि तिला द्यायच्या मजकुरात कोट (' किंवा ") आला, तर एक सल्ला हमखास मिळतो: कोटाआधी बॅकस्लॅश (\) टाका नाहीतर त्याच्या जागी ' (पानाच्या एचटीएमएल भाषेतला सिंगल कोटाचा कोड) टाका, दोन्ही एकच, आणि तसंही आपल्या डेटात कोट येतात कुठे. एकेक बघू.

बॅकस्लॅश. ऑनक्लिक="दाखव('डि\'सोझा')" हे (ऑनक्लिक म्हणजे क्लिक झाल्यावर काय चालवायचं ते) चालतं, खोटं कशाला बोला, म्हणूनच तर हा सल्ला टिकलाय. (फंक्शनचं नाव देवनागरीत असलं तरी जावास्क्रिप्टला चालतं बरं का.) आता तिथे टीव्ही टाका: ऑनक्लिक="दाखव('32\" टीव्ही')". मेलं. कारण हे आधी एचटीएमएलचा पार्सर (ब्राउझरचा पान वाचणारा भाग) वाचतो, त्याच्या लेखी बॅकस्लॅश म्हणजे साधं अक्षर, तो बाहेरच्या डबल कोटाची जोडी शोधत असतो आणि ती इंचाच्या खुणेत सापडली की अॅट्रिब्यूट (इथे ऑनक्लिक="...") तिथेच बंद, जावास्क्रिप्टच्या हाती पडतं फक्त दाखव('32\ एवढंच. मी यात अख्खी दुपार घालवलीय, इंचवाल्या वस्तूंच्या लिंक बंद, बाकी सगळ्या चालू, आणि मी आपला फंक्शनमध्ये चूक शोधतोय.

मग ' तरी? इथे उलटा घोळ. एचटीएमएल ते वाचतानाच परत साधा ' करून टाकतं आणि मगच जावास्क्रिप्टकडे देतं, म्हणजे स्ट्रिंग (कोटांमधला मजकूर) तुटायची ती तुटतेच. कुणी नावाच्या रकान्यात ');चोर();// लिहिलं तर तुम्ही प्रत्येक कोट ' केला असला तरी चोर(), म्हणजे त्याने घुसवलेला कोड, चालणार. दोन्ही एकच नाहीत, दोन वेगळ्या दारांची दोन कुलपं आहेत: आधी जावास्क्रिप्टसाठी एस्केप (खास अक्षरं साधी म्हणून वाचली जातील अशी लिहिणं), त्यावर एचटीएमएलसाठी, याच क्रमाने. पीएचपी (सर्व्हरवरची भाषा) वापरणाऱ्यांनी हेही बघा की तिचं एचटीएमएलसाठी एस्केप करणारं फंक्शन, एचटीएमएलस्पेशलचार्स, पीएचपी 8.1 च्या आधी सिंगल कोटाला डिफॉल्टमध्ये हातच लावत नव्हतं.

एचरेफमध्ये (लिंकच्या पत्त्याच्या अॅट्रिब्यूटमध्ये) जावास्क्रिप्ट: लिहिलंत तर तिसरं दार, कारण तिथे %27 (पत्त्यातला सिंगल कोटाचा कोड) चा सुद्धा चालवण्याआधी ' होतो. पत्त्यासाठी एस्केप करणारं जावास्क्रिप्टचं एन्कोडयूआरआयकंपोनंट तर सिंगल कोट तसाच सोडतं.

त्यापेक्षा मजकूर डेटा-नाव अशा अॅट्रिब्यूटमध्ये ठेवा, स्क्रिप्टमधून अॅडइव्हेंटलिसनर (क्लिक झाल्यावर काय करायचं ते सांगणारं फंक्शन) लावा आणि तो मजकूर डेटासेटमधून वाचा. मग फक्त एचटीएमएलचं एस्केपिंग उरतं.

राहिलं "आपल्या डेटात कोट नसतात". वसईत नाहीतर गोव्यात दहा माणसांची आडनावं इंग्रजीत टाइप करून बघा, डि'सोझा, डि'सिल्वा, मग बोलू. आणि कोट नसला तरी काय, कुणी फोल्डरचा पत्ता म्हणून डी:\ एवढंच भरलं तर दाखव('डी:\') होतं, शेवटचा बॅकस्लॅश तुमचाच बंद करणारा कोट खातो, आणि त्या मजकुरात तर एकही कोट नव्हता.