चिमूटभर टाकणखाराचा हिशेब

‘टाकणखार म्हणजे बोरॅक्स मिठाहून कमी विषारी आहे, नैसर्गिक आहे, रोज चिमूटभर पाण्यातून घ्या, सांधेदुखी जाते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातला एकेक दावा पाहू.

मिठाहून कमी विषारी? उंदरांवरचे आकडे वरवर तसे दिसतात. निम्मे उंदीर मरायला मीठ शरीराच्या वजनाच्या किलोमागे सुमारे 3 ग्रॅम लागते, टाकणखार साडेचारच्या आसपास. पण हा आकडा एकदाच दिलेल्या मात्रेने येणाऱ्या मृत्यूचा. रोज थोडे थोडे पोटात गेले तर काय, हे तो सांगत नाही. टाकणखारातल्या बोरॉन या मूलद्रव्याचा घाव बसतो वृषणांवर आणि गर्भावर: प्रयोगांत प्राण्यांचे शुक्राणू घटले, पिल्ले कमी वजनाची निपजली. म्हणूनच युरोपीय संघाने टाकणखाराला प्रजननास घातक ठरवले आहे.

चिमूटभराने काय होतंय? टाकणखाराचा रेणुभार 381, त्यात बोरॉनच्या चार अणूंचे 43, म्हणजे 11.3 टक्के. चिमूट अर्ध्या ग्रॅमची धरली तर बोरॉन 57 मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा दिवसाला 10. सांधेदुखीसाठी 1990 सालच्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात, तो अवघ्या 20 रुग्णांवरचा, आणि त्यातही रोजचे बोरॉन होते 6 मिलिग्रॅम!

तव्यावर फुलवला की शुद्ध होतो, असेही सांगतात. होते उलटेच. फुलताना उडते ते स्फटिकातले पाणी, मूळ वजनाच्या 47 टक्क्यांपर्यंत; बोरॉन जागचे हलत नाही. सगळे पाणी गेले तर उरलेल्या भुकटीत ते 21.5 टक्के भरते. तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट.

‘विषारी ते बोरिक ॲसिड, हा वेगळा.’ डब्यात वेगळा, पोटात नाही. जठराच्या आम्लात टाकणखाराचे बोरिक ॲसिडच होते. रक्ताचा पीएच 7.4, तिथेही 98 टक्क्यांहून अधिक बोरॉन त्याच रूपात असते.

नैसर्गिक म्हणाल, तर सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, तेही खनिजातूनच येते.

झाळकामात, म्हणजे धातूचे तुकडे जोडताना, मात्र टाकणखाराला तोड नाही: वितळला की धातूवरची ऑक्साइडची पुटे विरघळवतो, म्हणून जोड नीट बसतो. कपडे धुण्यासाठीही चालतो, द्रावणाचा पीएच 9.2 च्या आसपास टिकून राहतो. फक्त तो मिठासारखाच दिसतो, तेव्हा स्वयंपाकघरात ठेवू नका. कुणी गिळलाच तर उलटी करवू नका. पाकीट बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे न्या.